आसनाकडे वळलेली पावलं

१

"काटा कधी मागे फिरवायचा नाही, निंगताई. घड्याळ पुढे गेलं असेल तर लोलक थांबवायचा आणि खरी वेळ येईपर्यंत गप्प बसून वाट पाहायची."

गाओ गुरुजींनी हे सांगितलं त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या सकाळी राजमातांच्या जुन्या दासीला, निंग मावशीला, ते आठवायचं काही कारण नव्हतं. तिला तहान लागली होती, एवढंच.

करुणादेवीपुढे उदबत्ती लावल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. एरवी उजाडताच तो पार पडायचा. पण आज पौर्णिमा, त्यात राजमातांचा वाढदिवस तोंडावर आलेला. त्यांचं न्हाणं, केस विंचरणं, दागिन्यांची निवड यात सकाळ निघून गेली. ती पूजाघरात आली तेव्हा उन्हं अंगणातल्या कासवाच्या पुतळ्यापर्यंत उतरली होती.

शुन दादा धूपाच्या थाळीपाशी बसला होता. धूपाची भुकटी साच्यातून नागमोडी पसरायची, एका टोकाला पेटवायची आणि निखारा कोणत्या वळणावर आला ते पाहून प्रहर पुकारायचा, हे त्याचं काम. राजमाता सून म्हणून महालात आल्या तेव्हापासून तो ते करत होता.

निंगनं उदबत्ती पेटवली, कपाळाला लावली आणि मोठ्या धूपदानीतल्या राखेत मधोमध खोचली. ती उभी राहीना. खाली काहीतरी टणक लागलं. तिनं पुन्हा दाबली; काडी वाकली.

"देवीला उदबत्ती लावतेस की राखेत विहीर खणतेस?" शुन दादा उठून आला. त्यानं तिच्या हातातून काडी घेतली आणि धूपदानीच्या कडेला अलगद रोवली. "राखेचा गोळा झालाय. उद्या चाळून ठेवीन. जा, पाणी पी. चेहरा बघ कसा झालाय, चुलीतून काढलेल्या रताळ्यासारखा."

"रताळं तरी गोड असतं, दादा," निंग म्हणाली आणि पाणी प्यायली.

मग ती आसनदालनाकडे गेली. राजवाड्याच्या कारभारखात्याचे तुलाई साहेब नऊ वाजता नवं घड्याळ तपासायला येणार होते. ते गाओ गुरुजींनी बनवलेलं होतं. गुरुजी पश्चिमेच्या समुद्रापलीकडले. तिथलं त्यांचं नाव गास्पार होतं, पण ते इथे कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून बादशहांच्या घड्याळखान्यात ते गाओ झाले होते. घड्याळाच्या तबकडीवर एक छोटं दार होतं. तास वाजू लागला की ते उघडून सारस बाहेर यायचा. चोचीत सोन्याचं पीच फळ, दीर्घायुष्याची खूण. ठोके संपले की सारस परत आत.

दालनाच्या फरशीला आदल्या संध्याकाळी तेल घोटलं होतं. ते अजून ओलसर होतं, म्हणून सकाळपासून आत जायची सगळ्यांना मनाई होती. तुलाई साहेब, गाओ गुरुजी, घड्याळाला चावी देणारा आणि आज दार राखणारा खोजा दू आन आणि निंग, चौघं उंबऱ्याशीच उभे राहिले. समोर टोकाला राजमातांचं रिकामं आसन आणि त्याच्या शेजारी घड्याळ.

काटा नऊवर आला. दार उघडलं. सारस बाहेर आला, मान डोलवली, पंख फडफडवले.

चोच रिकामी होती.

आणि घड्याळानं दहा ठोके दिले.

२

"पाहा!" दू आन ओरडला आणि वळून पहारेकऱ्यांना हाका मारत धावत सुटला.

गडबड ऐकून शुन दादा पूजाघरातून आला होता. "अरे गाढवा, आसनाला पाठ?" तो मागून ओरडला. "रिकामं असलं म्हणून काय झालं? आम्ही तरुण होतो तेव्हा एवढ्यासाठी फटके खाल्लेत!"

कोणी लक्ष दिलं नाही. सगळे फरशीकडे पाहत होते.

तेलावर पावलं उमटली होती, कापडी तळव्यांच्या जोड्यांची. उंबऱ्यापासून आसनापर्यंत एक रांग, तिच्या शेजारी दुसरी. दोन्ही रांगांत टोकं आसनाकडे. परत येणारं एकही पाऊल नव्हतं. दालनाला दुसरं दार नव्हतं, खिडक्यांचे कागद शाबूत होते.

"दोन माणसं आत गेली," तुलाई साहेब म्हणाले. "बाहेर कोणीच आलं नाही."

"मग गेली कुठे?" निंगनं विचारलं.

"ते या परदेशी माणसाला विचारा. असल्या विद्या त्याच्याकडे. यंत्राच्या पेटीची किल्ली कोणाकडे? त्याच्याकडे. पीच कुठे अडकवलंय हे कोणाला ठाऊक? त्याला. आणि स्वतःचं घड्याळ नऊला दहा वाजवतं, हे कशाचं लक्षण? घाईघाईत हात घातल्याचं." त्यांनी पहारेकऱ्यांना खूण केली. "घेऊन चला शिक्षेच्या कचेरीत. काठी पडली की सोनं आपोआप सापडतं."

शिक्षेच्या कचेरीतून म्हातारा माणूस स्वतःच्या पायांनी परत आलेला कोणी पाहिला नव्हता. गाओ गुरुजींनी कमरेची किल्ली सोडून शांतपणे तुलाईंच्या हातावर ठेवली. 

ती राजमातांकडे गेली. राजमातांनी सगळं ऐकलं, चहाचं झाकण कपावर ठेवलं.

"तुझं काय म्हणणं?"

"त्यांनी घेतलं नाही."

"पुरावा?"

"नाही."

"मग शोध. संध्याकाळच्या पूजेपर्यंत त्या म्हाताऱ्याला कोणी हात लावायचा नाही, असं तुलाईला सांग. पूजेनंतर मात्र मला अडवता येणार नाही. कारभारखातं बादशहांचं आहे, माझं नव्हे."

३

पहाऱ्याच्या खोलीत गाओ गुरुजी बाकावर बसून गुडघा चोळत होते.

"पीचबद्दल मला काही ठाऊक नाही," ते म्हणाले. "काल फरशीला तेल घोटण्याआधी मी ते चोचीत अडकवलं आणि बाहेर पडलो. पण दहा ठोक्यांबद्दल सांगू शकतो."

"सांगा."

"काटा माणसांना दाखवण्यासाठी असतो, निंगताई. ठोक्यांचं चाक आत वेगळं असतं, ते आपल्यापुरतं मोजतं. नऊ वाजवून झाले की पुढचे दहाच. मग तुम्ही काटा कुठेही न्या, त्याला पर्वा नाही."

"म्हणजे नऊ आधीच वाजून गेले होते?"

"कोणीतरी काटा ढकलून नऊवर नेला. सारस बाहेर आला, पीच काढलं. मग वेळ बरोबर दिसावी म्हणून काटा मागे आणला. बाहेरची काच नुसती ओढली तरी उघडते. किल्ली लागते ती आतल्या पेटीला." ते कडवट हसले. "किल्ली असलेल्या माणसाला हा खटाटोप कशाला? पेटी उघडायची, पीच काढायचं. पण तुलाई साहेब म्हणतील, घड्याळ तुझं, तेव्हा त्याची साक्षही तुझीच."

"म्हणतीलच. आणि पावलं?"

"माझी नाहीत. पण तेही मीच म्हणतोय."

दू आन अंगणात रडकुंडीला येऊन बसला होता.

"मावशी, मी दारावरून हललोच नाही! म्हणजे हललो, पण जरासाच. पोट बिघडलं होतं. काल रात्री त्या तळलेल्या वड्या—"

"कधी हललास? कोणीतरी काटा मागे फिरवलाय."

"आठ वाजून गेल्यावर. परत आलो तर दार तसंच बंद. मी काटा मागे फिरवीन होय? गुरुजींनी पहिल्याच दिवशी त्यावरून माझ्या डोक्यात टपली मारली होती. अजून दुखते."

तेवढ्यात लियन आली. राजमातांच्या न्याहारीची दासी. डोळे सुजलेले.

"मावशी, माझ्यावरही आळ येणार. माझ्यामुळे मुदपाकखान्यात आज भांडण झालं."

"कसलं?"

"मी नऊचे ठोके ऐकले आणि बाजरीची पेज आणायला गेले. स्वयंपाकी म्हणाला, एवढ्यात कशी आलीस, पेज अजून शिजतेय, तुझे कान किडलेत का? मी म्हटलं, नऊ वाजले, मी मोजलेत. तो म्हणाला, तुला नऊपर्यंत मोजता येतं हीच बातमी आहे. सगळे हसले. आता म्हणतील, हीच खोटं बोलते."

"तू खोटं बोलत नाहीस," निंग म्हणाली. "एवढ्यासाठी पहिल्यांदाच कोणाला तरी त्या स्वयंपाक्याचे आभार मानावे लागतील. दालनातून कोणाला जाताना पाहिलंस?"

"नाही. मी तर पेजेच्या काळजीत."

मग ती पूजाघरात आली. शुन दादा थाळीतली भुकटी सपाट करत होता.

"माझं काय विचारतेस? मी इथेच होतो. मला दुसरीकडे जाऊन करायचं काय? निखारा पाहत बसायचं, प्रहर पुकारायचा. तोही आता चार दिवसांचा खेळ. लोखंडी पाखरू बोलू लागलं की म्हाताऱ्याला कोण विचारतो? पश्चिमेच्या डोंगरात निवृत्त खोजांचं देऊळ आहे ना, तिथे कोबी लावीन." तो हसला. "कोबीला प्रहर लागत नाही."

"तुला तिथे पाठवणार, असं कोण म्हणालं?"

"तुलाई साहेब. मागच्याच महिन्यात. वाढदिवस झाला की पूजा घड्याळावर. ठरलंय."

 तिथून ती आसनदालनात गेली. घड्याळ जवळून पाहायचं होतं. काचेवर काही नव्हतं, दारावर काही नव्हतं. सारस आत झोपला होता. ती वळायच्या ऐवजी, लहानपणापासून शिकलेल्या सवयीनं, रिकाम्या आसनाकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे टाकत उंबऱ्यापर्यंत आली.

आणि फरशीकडे पाहून जागच्या जागी थांबली.

तेल अजून वाळलं नव्हतं. निंग एकटीच आत गेली होती. पण फरशीवर तिच्या पावलांच्या दोन रांगा होत्या, दोन्हींची टोकं आसनाकडे. दोन बायका आत गेल्या आणि कोणीच बाहेर आलं नाही, असं कोणीही शपथेवर सांगितलं असतं.

४

पायरीवर बसून निंगनं हातातली माळ ओढायला सुरुवात केली, पण जप काही पुढे सरकेना.

चोर एकच होता. आसनाकडे तोंड करून आला, आसनाकडे तोंड ठेवून गेला. राजमातांची वस्तू उचलायला त्याचा हात धजावला, पण त्यांच्या रिकाम्या आसनाला पाठ दाखवायला पाय धजावला नाही. जिवाच्या भीतीनंही ती सवय सुटली नाही.

गाओ गुरुजी? त्यांच्या गुडघ्यांना मागे चालता येत नाही. एकदा ते असेच चालताना फुलदाणीवर कोसळले, तेव्हा राजमाता खूप हसल्या आणि त्यांना त्या रिवाजातून माफी दिली. तेव्हापासून ते सरळ पाठ करून निघून जातात आणि साऱ्या महालाला ते ठाऊक आहे. शिवाय दरबारात येताना ते बूट घालतात. तुलाई साहेबही जाड तळाचे बूट घालतात. ठसे कापडी जोड्यांचे होते. लियनचं पाऊल त्या ठशात दोनदा मावलं असतं. दू आन घाबरला तेव्हा आसनाला पाठ करून पळाला होता, आणि काटा मागे फिरवू नये हे त्याच्या टाळक्याला चांगलंच ठाऊक होतं.

म्हणजे ज्यानं हे केलं तो जुन्या वळणाचा. महालात वावरणारा. गुरुजी राजमातांना सारस दाखवताना काटा पुढे ढकलतात, हे त्यानं पाहिलेलं. पण घड्याळाच्या इतका विरोधात की त्याचा काटा मागे फिरवू नये, हे कोणी सांगितलं तरी ऐकून घेणार नाही असा.

माळेचा मणी तिच्या बोटात अडला. तिला सकाळची वाकलेली उदबत्ती आठवली, आणि ती हातातून काढून घेऊन कडेला रोवणारा हातही.

तिनं बराच वेळ ती आठवण दूर सारायचा प्रयत्न केला. मग ती उठली.

५

पूजाघरात शुन दादा एकटाच होता. निंगनं देवीला नमस्कार केला, बाह्या मागे सारल्या आणि धूपदानीच्या राखेत हात घातला.

तो अडवायला उठला नाही. नुसता पाहत राहिला.

पीच बाहेर आलं. राखेनं माखलेलं, पण रुमालानं पुसताच लखलखलं.

"राखेचा गोळा," निंग म्हणाली.

"मी चोरलं नाही, निंगे." त्याचा आवाज अगदी साधा होता. "त्यांचीच वस्तू, त्यांच्याच देवीपुढे ठेवली. बाहेर नेली असती तर चोरी."

"मग कशाला?"

"आज तुलाई साहेबांपुढे पाखरू रिकाम्या चोचीनं यावं. अपशकुन म्हणावं त्यांनी. परत घड्याळखान्यात न्यावं ते. आणखी एक-दोन वर्षं मिळाली असती. तेवढ्यात मी मेलोही असतो." तो थांबला. "गाओवर येईल असं वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं वाटलं. वाटलं, दुरुस्तीला नेतील."

"पण आल्यावरही तू गप्प बसलास."

 थाळीतला निखारा एका वळणावरून दुसऱ्या वळणावर गेला. त्यानं सवयीनं तिकडे पाहिलं.

"काटा मागे आणला म्हणून तू सापडलास, दादा," निंग म्हणाली. "आणि पाठ दाखवली नाहीस म्हणून."

"पाठ कशी दाखवणार?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "ते आसन आहे."

"संध्याकाळची पूजा व्हायच्या आत तू स्वतः सांगणार आहेस, की मी सांगू?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढून नीट केली, पुन्हा घातली. "चल. पण तू बरोबर ये. माझी भाषा अशा वेळी घसरते."

राजमातांपुढे तो बोलला आणि घसरला नाही. तुलाई साहेब मध्येच म्हणाले, "हा म्हातारा त्या परदेशी माणसाला वाचवायला स्वतःवर घेतोय!" तेव्हा निंगनं राजमातांसह सगळ्यांना आसनदालनाच्या उंबऱ्याशी नेलं आणि दादाला म्हणाली, "आत जा आणि परत ये." तो गेला आणि आला. फरशीवर दोन रांगा उमटल्या, सकाळच्या रांगांशेजारी, हुबेहूब. मग लियनला बोलावलं. तिनं नऊच्या ठोक्यांची हकिगत सांगितली, आणि स्वयंपाक्यानं नाइलाजानं ती खरी असल्याचं सांगितलं.

तुलाई साहेबांनी वाकून नव्या-जुन्या रांगा ताडून पाहिल्या. "मग तो परदेशी..." ते म्हणाले.

"त्यांची किल्ली तुमच्या हातात आहे," निंग म्हणाली. "परत करायची आहे."

गुरुजींना बोलावून त्यांनी ती परत केली. माफी मागितली नाही. पण किल्ली दोन्ही हातांनी दिली, आणि गाओ गुरुजींनी तेवढ्यावर समाधान मानलं.

राजमाता शुन दादाकडे पाहत होत्या. "माझ्या लग्नाच्या दिवशी पहिला प्रहर तूच पुकारला होतास," त्या म्हणाल्या. "आणि चुकवला होतास."

"निखारा विझला होता, राजमाता. वारा सुटला होता."

"तेव्हाही खरं लगेच सांगितलं नव्हतंस."

निंग गुडघ्यांवर बसली. तिनं कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आज तिनं काठी नको, एवढंच मागितलं. राजमातांनी ते दिलं. दादानं आजच डोंगरातल्या देवळात जायचं, महालात परत यायचं नाही. वाढदिवसापासून पूजा घड्याळावर.

गाओ गुरुजी घड्याळापाशी गेले. लोलक थांबवला, ठोक्यांचं चाक पुन्हा जुळवलं, सारसाच्या चोचीत पीच अडकवलं. मग खऱ्या वेळेची वाट पाहत ते दालनाबाहेरच्या पायरीवर बसून राहिले. शुन दादा आपली गाठोडी बांधून त्यांच्या शेजारी येऊन बसला.  गुरुजींनी खिशातून सुकं खजुराचं फळ काढलं, अर्धं त्याला दिलं.

निघताना दादानं धूपाचा साचा निंगच्या हातात ठेवला. लाकडी, काठांशी झिजलेला.

"घड्याळ चालेल, ते चांगलं आहे," तो म्हणाला. "मी ते कधी बोललो नाही. पण देवीला ठोके ऐकायची सवय नाही गं. तिच्यापुढे निखारा असू दे. कोणी प्रहर विचारणार नाही, कोणी पुकारणार नाही. तरी असू दे. लावशील?"

"लावीन."

"रोज?"

"रोज. पाणी प्यायच्या आधी."

तो जायला वळला. फाटकाच्या जवळपर्यंत सरळ चालत गेला, मग थांबला, महालाकडे तोंड केलं आणि उरलेलं अंतर मागे मागे पावलं टाकत पार केलं. फाटकाबाहेर गाढवाची गाडी उभी होती.

दुसऱ्या पहाटे आसनदालनात सारस अजून आत होता. निंग उठली, हातपाय धुतले. पाण्याचा तांब्या भरून ठेवला, पण ओठाला लावला नाही. भुकटीचा डबा काखेत घेतला, साचा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि कोणाला जाग येऊ नये अशा पावलांनी पूजाघराकडे निघाली.